नीलिमाने खात्री केली आहे

लग्न होऊन मी कॅनडात हॅलिफॅक्सला गेले ती २००३ च्या जानेवारीत. तिथे आमच्या घरी आलेला पहिला पाहुणा म्हणजे शशिकांत काका. बाहेर गुडघाभर बर्फ, बस अर्धा तास उशिरा, आणि दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे. गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा, एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चार कागद. डब्यात उमाकाकूंनी केलेले आप्पे होते आणि कागदांवर यादी होती.

"आधी हे वाच, मग ग्रोसरीला जा," ते म्हणाले. "उलटं केलंस तर पस्तावशील."

यादीचं नाव होतं 'काय चालतं, काय नाही'. ती आवृत्ती सतरावी. कुठल्या पावात चरबी असते, कुठल्या दह्यात जिलेटिन, कुठलं चीज वासराच्या पोटातल्या रसाने विरजतात, कुठल्या दुकानातले बटाट्याचे काप मासे तळलेल्या तेलातच तळतात, हे सगळं ओळीने, नंबर घालून, टाइप केलेलं. प्रत्येक ओळीपुढे ती माहिती कुणी आणली त्याचं आद्याक्षर. बहुतेक ठिकाणी 'शशि.' असंच होतं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'अंडं: मला चालतं. तुमचं तुम्ही ठरवा.' मी ते वाचून हसले, तर काका गंभीरपणे म्हणाले, "हसू नकोस. त्या ओळीवरून दोन घरांत भांडणं झालीत."

काका हॅलिफॅक्सच्या गोदीत इंजिनिअर म्हणून आले ते १९६९ साली. पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये 'व्हेजिटेबल सूप' अशी पाटी बघून त्यांनी वाडगाभर सूप घेतलं, चवीने प्यायले, आणि तळाशी हाड निघालं. दुसरा कुणी दोन दिवस जेवला नसता आणि मग विसरून गेला असता. काका दुसऱ्या दिवशी वही घेऊन कँटीनच्या आचाऱ्याकडे गेले आणि त्याला विचारलं, "यात काय आहे?" पुढची चाळीस वर्षं ते हेच विचारत राहिले. लग्नाच्या हॉलमध्ये, विमानात, दवाखान्यात औषधाची कॅप्सूल हातात आली तरीही. ते बिस्किटांच्या कंपन्यांना पत्रं लिहीत, उत्तरं आली की बुटांच्या खोक्यात तारखेप्रमाणे लावत. एका कंपनीने तीन पत्रांना उत्तर दिलं नाही, तेव्हा हा माणूस बस बदलत बदलत त्यांच्या गोदामात जाऊन उभा राहिला होता.

यावरून ते सोवळ्यातले, कर्मठ वगैरे असतील असं वाटेल, पण तसं मुळीच नव्हतं. माझा नवरा राजन तेव्हा युनिव्हर्सिटीत होता आणि लॉबस्टर मिटक्या मारत खायचा. त्याने ते काकांना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. काका म्हणाले, "मग बंदरावरच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जा. ताजा तिथेच मिळतो, आमच्या गोदीतले सगळे तिथेच जात." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कोण काय खातं याच्याशी मला काही कर्तव्य नाही. पण कुणी न कळत खाऊ नये. एवढंच."

हे वाक्य मी त्या दिवशी ऐकलं होतं. ते मला ठाऊक नव्हतं अशी सबबसुद्धा मला नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

पाच वर्षं आम्ही तिथे होतो. नोकरी मिळेपर्यंत माझं दुपारभर काम काय, तर काकांबरोबर दुकानं हिंडणं. मी फोनवर बरी बोलते, म्हणून कंपन्यांना फोन करायचं काम माझ्याकडे आलं. अठराव्या आवृत्तीत पहिल्यांदा एका ओळीपुढे 'नी.' असं छापून आलं, तेव्हा मला दहावीचा निकाल लागल्यासारखा आनंद झाला होता. विसाव्या आवृत्तीपर्यंत माझ्या अकरा ओळी झाल्या. गणपतीला, संक्रांतीला लोक जमले की काका कुणाशीही माझी ओळख करून देताना म्हणत, "ही आमची नीलिमा. ही जे खाते ते डोळे मिटून खा." सगळे हसायचे, मीही हसायचे. पण आतून मी फुगायचे. मला ते बिरुद फार आवडायचं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

२००७ मध्ये उमाकाकू गेल्या. काकू सांगलीच्या. त्यांचं बिडाचं आप्पेपात्र त्यांनी लग्नानंतर विमानात मांडीवर ठेवून आणलं होतं म्हणे. आप्पे उलटायला त्या विणायची सुई वापरत. सर्रकन कडेने फिरवायची आणि आप्पा गिरकी घेऊन पालथा. काका टेबलाशी बसून ते बघत. सत्तरीला आलेला माणूस, जन्मभर जहाजांची इंजिनं उघडून बघितलेला, आणि बायको आप्पे कसे उलटते ते तोंड उघडं ठेवून बघायचा. काकू गेल्यावर ते पात्र ओट्याच्या वर खिळ्याला टांगलेलं असे. त्यात कुणी काही केलं नाही.

२००८ मध्ये राजनला व्हँकुव्हरला नोकरी लागली आणि आम्ही जवळच्या कोक्विटलामला आलो. मलाही डाउनटाउनमध्ये काम मिळालं. ऑफिसच्या कोपऱ्यावर एका जपानी माणसाचं खिडकीएवढं दुकान होतं. बरोबरच्या मुलीने एकदा तिथला एक गोळा माझ्यापुढे धरला आणि मी, काकांची नीलिमा, काही न विचारता तोंडात टाकला. बाहेरून खरपूस, आतून पिठल्यासारखा मऊ, भाजेल इतका गरम. वर गोडसर काळा सॉस. गिळून झाल्यावर विचारलं. ती म्हणाली, ताकोयाकी, ऑक्टोपसचे तुकडे असतात आत. मला धक्का बसायला हवा होता. तो बसलासुद्धा, पण पुढच्या गुरुवारपर्यंतच टिकला. पुढच्या गुरुवारी मी एकटी गेले आणि सहा घेतले. मग आठ. मग दर गुरुवारी आठ. राजनला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "आता काकांना फोन करून सांग." मी त्याच्यावर अशी काही उखडले की त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

२०१० च्या जुलैअखेर काका आमच्याकडे आले. चाळीस वर्षं कॅनडात काढून त्यांनी पॅसिफिक समुद्र पाहिलेला नव्हता. समुद्र पाहून म्हणाले, "ठीक आहे. आमचा जास्त थंड आहे." शनिवारी राजनला काम होतं. मी काकांना शहरात जपानी लोकांचा उन्हाळी मेळा असतो तिथे घेऊन गेले. मोठे ढोल वाजवणार होते, ते त्यांना आवडतील असं वाटलं. खाण्याचे स्टॉल असणार हे मला कळत होतं. पण काका बाहेरचं खातच नाहीत, बरोबर डबा होता, मग काळजी कसली?

ढोल ऐकून झाले. झाडाखाली बसून पोळी-भाजी खाल्ली. आणि परत निघताना काका एका स्टॉलसमोर थबकले.

"नीलिमा! अगं, हे बघ!"

काळा लोखंडी तवा, त्यात ओळीने वाट्यांसारखे खळगे. त्यात पीठ ओतलेलं. आणि तो माणूस हातातल्या टोकदार सळईने, सर्रकन, एकेक गोळा गिरकी देऊन पालथा करत होता.

"उमाची सुई," काका म्हणाले. एवढंच म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. लाइनअपमधले लोक त्यांना वळसा घालून पुढे जात होते. पाच मिनिटं तरी ते हलले नाहीत. मग चष्मा पुसू लागले.

मी म्हणाले, "काका, चला ना, पार्किंगची वेळ संपेल." पण तेवढ्यात सळईवाल्याने वर बघितलं. तो माझ्या कोपऱ्यावरचाच दुकानदार होता. त्याने ओळखलं आणि खुशीत ओरडला, "हाय! द युज्वल? एट?"

काका माझ्याकडे वळले. "तू नेहमी खातेस इथले?"

"कधीतरी," मी म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला!" काका म्हणाले. त्यांच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. चाळीस वर्षांत त्या माणसाने कुणाच्या नुसत्या खाण्यावरून काही तोंडात घातलं नव्हतं. "घे आठ. तुझे चार, माझे चार."

मी पुढे होऊन हळू आवाजात त्या दुकानदाराला विचारलं, ऑक्टोपसशिवाय होतील का? तो म्हणाला, सगळे भरून झालेत, आणि तसंही पीठ माशांच्या पाण्यातच कालवलेलं असतं, सॉरी. मी म्हणाले, बरं, निदान वरचा माशांचा कीस घालू नका. त्याने घातला नाही. म्हणजे बघा, मला सगळं माहीत होतं. प्रत्येक थर माहीत होता. एवढी चौकशी मी करू शकले आणि मागे वळून तीन शब्द बोलू शकले नाही.

काकांनी ती होडीच्या आकाराची कागदी बशी हातात घेतली. मग सवयीने विचारलंच, "यात काय आहे?"

"कोबी, आलं, कांद्याची पात," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

"आणि ते चित्र कसलं?" स्टॉलच्या कापडावर लाल रंगाचा, डोक्याला फडकं बांधलेला ऑक्टोपस हसत होता.

"त्यांच्या दुकानाचं चिन्ह आहे."

काकांनी एक खाल्ला. तोंड भाजलं, हुश्श हुश्श केलं. मग डोळे मिटून चावत राहिले. "हे आत चिवट काय लागतंय?"

"मशरूम," मी म्हणाले. "जपानी मशरूम."

"छान आहे," काका म्हणाले. त्यांनी चार खाल्ले, मी माझे नको म्हणाले म्हणून तेही खाल्ले. मग खिशातली वही काढून लिहून घेतलं. नाव काय, स्पेलिंग काय, आत काय. मी सांगत होते आणि ते लिहीत होते. "उमा गेल्यापासून," ते वहीत बघत म्हणाले, "कुणी समोर गरम काही उलटून वाढलंच नव्हतं." त्यानंतर मी खरं कसं सांगणार होते? असं मी तेव्हा स्वतःला विचारलं. त्यांचा आनंद मोडायला नको म्हणून गप्प बसले, असं ठरवूनही टाकलं. पण खरं म्हणजे मला माझं बिरुद वाचवायचं होतं. काकांच्या आनंदामागे मी लपून बसले होते.

काका परत गेले. मला वाटलं, संपलं. त्यांच्या वहीचा मला विसर पडला हे कुणाला खरं वाटणार नाही, पण पडला होता.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ऑफिसात बसले असताना ईमेल आला. हॅलिफॅक्सच्या साठ घरांना एकदम. 'काय चालतं, काय नाही', आवृत्ती तेविसावी. शेवटची ओळ नवी होती.

'९४. जपानी आप्पे (ताकोयाकी): चालतात. आत कोबी, आलं, मशरूम. नीलिमाने खात्री केली आहे.'

नुसतं 'नी.' नव्हे. पूर्ण नाव. गुरुवार होता, पण मी जेवायला उठले नाही. मी उत्तर लिहायला घेतलं, 'काका, एक चूक झाली आहे', आणि पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं आणि पुन्हा पुसलं. मग मी मनाची समजूत घातली की हॅलिफॅक्सला ताकोयाकी मिळतात कुठे? कोण खाणार आहे? सहा आठवडे मी हीच समजूत घालत होते. त्या सहा आठवड्यांत मी दुकानाकडेही फिरकले नाही, जणू त्याने काही भरपाई होणार होती.

खाल्ले शोभाताईंनी. शोभाताई म्हणजे हॅलिफॅक्सच्या मराठी मंडळातल्या सगळ्यांत कडक बाई. चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा नाही. सप्टेंबरअखेर मुलाकडे टोरोंटोला गेल्या होत्या. मॉलमध्ये तो तवा दिसला. त्यात कांद्याची पात असते हे मी सांगितलं होतं, पण यादीत ते उतरायचं राहिलं होतं. कोबी, आलं, मशरूम, एवढंच होतं. काकांच्या यादीत आहे म्हणून त्यांनी मोठ्या विश्वासाने मागून घेतले. दोन खाल्ले. तिसरा उचलला तेव्हा सून कॉफी घेऊन आली आणि म्हणाली, "आई, तुम्ही ऑक्टोपस कधीपासून खायला लागलात?"

हे मला नंतर कळलं. आधी आला तो काकांचा ईमेल, पुन्हा साठ घरांना.

'तेविसाव्या आवृत्तीतली ९४ वी ओळ चुकीची आहे. त्या पदार्थात ऑक्टोपस असतो. चूक सर्वस्वी माझी आहे. समोर चित्र असताना मी नीट चौकशी केली नाही. सौ. शोभाताईंची मी घरी जाऊन क्षमा मागितली आहे. सगळ्या ओळी पुन्हा तपासून होईपर्यंत कृपया ही यादी कुणी वापरू नये. - शशिकांत'

माझं नाव कुठेच नव्हतं. राजनने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, "चला, सुटलीस." तो वाईट मनाने म्हणाला नाही. पण मला तो शब्द थोबाडीत मारल्यासारखा लागला. सत्तर वर्षांचा माणूस शोभाताईंच्या दारात जाऊन उभा राहिला होता, माझ्यासाठी, आणि मी सुटले होते. इतकी लाज मला आयुष्यात कशाची वाटली नव्हती. अंघोळ करूनही जात नाही अशी ती लाज.

रविवारी सकाळी फोन केला. तिकडे दुपार झाली होती. काका नेहमीच्याच आवाजात बोलले. पाऊस कसा आहे, राजन कसा आहे.

"काका, चौकशी केली नाही असं का लिहिलंत?" मी म्हणाले. "तुम्ही मला विचारलं होतंत."

"अगं, तुला तरी काय ठाऊक? त्या दुकानदाराने तुला चुकीचं सांगितलं असणार. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून सांगतात हे लोक काहीतरी. मी सेहेचाळीस कंपन्यांचा अनुभव घेतलाय."

दार उघडून दिलं होतं त्यांनी. मी 'हो' म्हणायचं बाकी होतं. तो भला माणूस, त्याने ऐन गर्दीतसुद्धा मला ऑक्टोपसचं खरं सांगितलं होतं, आणि आता त्याच्यावर ढकलून मी मोकळी होऊ शकत होते. मोह झाला. खोटं कशाला बोलू, झालाच.

"नाही काका," मी म्हणाले. "त्याने खरंच सांगितलं होतं. मला आधीपासून माहीत होतं. मी तिथे दर गुरुवारी खात होते. दोन वर्षं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मशरूम तू स्वतः म्हणालीस?"

"हो."

"अगं, पण सांगायचंस ना," काका म्हणाले. रागावलेले नव्हते. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. "मी कशाला खाल्ले असते? नुसता उभा राहिलो असतो. मला बघायलाच मजा येत होती."

मी माफी मागितली. किती वेळा मागितली ते आठवत नाही. मी सगळ्यांना लिहिते, शोभाताईंना फोन करते, असंही म्हणाले. काका "हं, हं" करत राहिले. मग म्हणाले, "नीलिमा, एक विचारू?"

"विचारा ना."

"तुझ्या आधीच्या त्या अकरा ओळी. त्या खऱ्या आहेत ना?"

त्या खऱ्या होत्या. एकेक फोन मी केला होता, तासतास कानाला रिसीव्हर लावून ताटकळले होते, उत्तर देणाऱ्यांची नावंसुद्धा लिहून घेतली होती. अकरा ओळी मी जितक्या सचोटीने केल्या तितकं दुसरं काही केलं नसेन. "हो काका," मी म्हणाले. "अगदी खऱ्या आहेत." पण माझा आवाज मलाच पटला नाही.

"बरं," काका म्हणाले. कागद उलटल्याचा आवाज आला. "त्या कंपन्यांचे फोन नंबर असतील तर दे. मी विचारून घेतो."

जुन्या डायरीतून मी एकेक नंबर वाचत गेले आणि ते लिहून घेत, परत वाचून दाखवत. अकराच्या अकरा. पाऊण तास लागला.

त्याच दिवशी मी साठ घरांना लिहिलं. लपवलं काही नाही. शोभाताईंनी माझा फोन दोनदा घेतला नाही, तिसऱ्यांदा घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "काकांचा तरी विचार करायचास." त्यांनी दुसरं काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

डिसेंबरात काकांचा फोन आला. आवाजात इतका उत्साह होता की मला वाटलं, कुणाला मूल झालं. सत्तर वर्षांच्या माणसाने दोन महिने, रोज दुपारी, कानाला रिसीव्हर लावून काढले होते.

"नीलिमा, सगळ्या झाल्या बघ! अकराच्या अकरा बरोबर निघाल्या! मला वाटतच होतं."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"चोविसावी आवृत्ती काढतोय," काका म्हणाले. "उद्या पाठवतो."

दुसऱ्या दिवशी ती आली. माझ्या अकराही ओळी जागच्या जागी होत्या, शब्दही माझेच होते. पुढे सगळीकडे लिहिलं होतं, 'शशि.'